अटीतटीच्या अध्यक्षीय निवडणुकीचा अंदाज कितपत बांधता येतो?

प्रश्न ठाण्यातील एका महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापकांनी विचारला आहे. २०२४ मध्ये त्यांच्या विद्यार्थ्यांनी अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीच्या जनमत चाचण्या नोंदवून ठेवल्या होत्या. मतदानाच्या आदल्या दिवशी बहुतेक अंदाज निम्मे-निम्मे होते, आणि निकालात मात्र डोनाल्ड ट्रम्प यांनी सातही स्विंग राज्ये (कोणत्याही पक्षाकडे झुकू शकणारी चुरशीची राज्ये) जिंकून कमला हॅरिस यांच्यावर ३१२ विरुद्ध २२६ इलेक्टोरल मतांनी विजय मिळवला. वर्गात दोन तट पडले. एका तटाच्या मते अंदाज साफ चुकले, तर दुसऱ्याच्या मते ‘निम्मे-निम्मे’ म्हणणाऱ्यांनी काही सांगितलेच नव्हते, त्यामुळे ते चुकण्याचाही प्रश्न नव्हता. २०२८ साठी विद्यार्थ्यांकडून स्वतंत्र अंदाज बांधून घ्यायचा झाल्यास तो कशाच्या आधारे बांधावा, आणि मुळात तो बांधता येतो का, असे त्यांनी विचारले आहे. ठाणे-नवी मुंबई पट्ट्यात जनमत चाचण्यांसाठी नमुना आखणे आणि गोळा झालेल्या उत्तरांना भार देणे (नमुन्यात ज्या गटाचे लोक कमी आले त्यांच्या उत्तरांना जास्त वजन देणे) हे माझे अनेक वर्षांचे काम असल्यामुळे मी मुख्यतः मोजमापाच्या बाजूने उत्तर देतो. राजकीय भाकिताची बाजू माझ्यापेक्षा तुम्हाला अधिक ठाऊक असेल.

आधी निष्कर्ष सांगतो, म्हणजे पुढचा हिशेब कशासाठी आहे ते कळेल. चाचण्यांमध्ये दिसणारी चुरस आपल्या मोजमापाला कुठवर दिसते एवढेच सांगते. निकाल किती निसटता लागेल, हे तिच्यावरून कळत नाही. सरासरी चाचणीत दोन उमेदवारांमध्ये एका टक्क्याचे अंतर असेल, तर या साधनाने विजेता ओळखता येत नाही एवढाच त्याचा अर्थ. प्रत्यक्षात एक उमेदवार तीन टक्क्यांनी पुढे असू शकतो, आणि तो कोणता हे आधी कळण्याचा मार्ग नसतो. २०२४ मध्ये तसेच घडले. देशपातळीवरील सरासरीत हॅरिस साधारण एका टक्क्याने पुढे दिसत होत्या आणि ट्रम्प सुमारे दीड टक्क्याने पुढे राहिले, म्हणजे चूक अडीच टक्क्यांच्या आसपास होती. चाचण्यांच्या इतिहासात ही चूक मोठी मानली जात नाही. निवडणूक तिच्याहून अरुंद अंतरावर उभी होती, म्हणून ती निर्णायक ठरली.

अमेरिकेचा अंदाज बांधताना पहिली अडचण पद्धतीची आहे. तेथे अध्यक्ष थेट देशभरातल्या मतांवर निवडला जात नाही; राज्याराज्यांना वाटून दिलेली एकूण ५३८ इलेक्टोरल मते असतात आणि जिंकण्यासाठी २७० लागतात. मेन व नेब्रास्का ही दोन राज्ये सोडली, तर राज्यात जो पुढे त्याच्या पारड्यात त्या राज्याची सगळी मते पडतात. त्यामुळे कॅलिफोर्नियात लाखो मतांनी जास्त जिंकल्याने काही हाती लागत नाही, आणि विस्कॉन्सिनमध्ये वीस हजार मतांनी जिंकल्याने अध्यक्षपद मिळू शकते. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना देशभरात सुमारे २८ लाख ७० हजार मते जास्त मिळाली होती. पण मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनिया या तीन राज्यांत मिळून ७८ हजारांहून कमी मतांनी त्या मागे राहिल्या आणि निवडणूक हरल्या. २०२० मध्ये जो बायडेन सत्तर लाखांहून अधिक मतांनी पुढे होते, तरी ॲरिझोना, जॉर्जिया व विस्कॉन्सिन या तीन राज्यांतील त्यांची एकत्रित आघाडी जेमतेम ४३ हजारांची होती. म्हणून विद्यार्थ्यांनी देशपातळीवरची टक्केवारी हा केवळ आरंभबिंदू मानावा.

२०२४ ची बेरीज वर्गात फळ्यावर मांडण्यासारखी आहे. सात स्विंग राज्ये बाजूला ठेवल्यास हॅरिस यांच्याकडे २२६ आणि ट्रम्प यांच्याकडे २१९ मते होती. उरलेली ९३ मते पेनसिल्व्हेनिया १९, नॉर्थ कॅरोलायना १६, जॉर्जिया १६, मिशिगन १५, ॲरिझोना ११, विस्कॉन्सिन १० आणि नेवाडा ६ अशी वाटलेली होती. हॅरिस यांनी पेनसिल्व्हेनिया, मिशिगन आणि विस्कॉन्सिन ही तीन राज्ये जिंकली असती तर त्यांची बेरीज नेमकी २७० झाली असती. ट्रम्प यांना पेनसिल्व्हेनिया, जॉर्जिया आणि नॉर्थ कॅरोलायना मिळाल्यावर त्यांचीही बेरीज नेमकी २७० होते. दोन्ही वाटा पेनसिल्व्हेनियावरून जातात, आणि दोन्ही पक्षांचा पैसा व प्रचार तिथे का एकवटला होता याचे उत्तर या बेरजेत आहे.

येथे एक सापळा आहे, आणि तो जाणकारांनाही चकवतो. निकालाचे पारडे ज्या राज्यात फिरते त्या राज्यातील आघाडी आणि देशभरातील आघाडी यांत किती फरक पडतो, हे प्रत्येक निवडणुकीत बदलते. २०१६ मध्ये क्लिंटन देशात २.१ टक्क्यांनी पुढे आणि विस्कॉन्सिनमध्ये ०.८ टक्क्याने मागे होत्या, म्हणजे जवळजवळ तीन टक्क्यांची तफावत. २०२० मध्ये बायडेन देशात साडेचार टक्क्यांनी, पण विस्कॉन्सिनमध्ये केवळ ०.६ टक्क्याने पुढे होते, म्हणजे तफावत जवळजवळ चार टक्के. यावरून अनेकांनी नियमच करून टाकला की डेमोक्रॅटिक उमेदवाराला देशात किमान तीन टक्क्यांची आघाडी हवी. २०२४ मध्ये ट्रम्प देशात दीड आणि पेनसिल्व्हेनियात १.७ टक्क्यांनी पुढे राहिले, आणि ती तफावत जवळजवळ नाहीशी झाली. २०१२ मध्ये तर ती उलट दिशेने, बराक ओबामांच्या बाजूने होती. मागील दोन निकालांवरून काढलेला असा नियम तिसऱ्या निकालावर टिकेलच अशी खात्री बाळगू नये.

आता चाचणीच्या अचूकतेकडे येतो. चाचणीसोबत ‘अधिक-उणे तीन टक्के’ असा आकडा छापला जातो, आणि तो बहुतेक वाचक चुकीचा वाचतात. साधारण एक हजार लोकांच्या यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकून निवडल्यासारख्या) नमुन्यात एका उमेदवाराच्या टक्केवारीतील संभाव्य चूक सुमारे तीन टक्के असते. दोन उमेदवारांमधल्या अंतरातील चूक तिच्या जवळजवळ दुप्पट, म्हणजे सहा टक्के असते, कारण एकाचे वाढले की दुसऱ्याचे घटते. दोन टक्क्यांची आघाडी दाखवणारी एकटी चाचणी म्हणूनच काहीच सिद्ध करत नाही.

हे अमेरिकेपुरते नाही, हे दाखवायला घराजवळचे उदाहरण देतो. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत बेलापूर मतदारसंघात मंदा म्हात्रे यांनी संदीप नाईक यांचा ३७७ मतांनी पराभव केला. दोघांनाही ९१ हजारांहून अधिक मते होती, म्हणजे या दोघांच्या एकत्रित मतांत अंतर सुमारे ०.२ टक्के. एवढे अंतर यादृच्छिक नमुन्याने ओळखायचे, तर अंतरातील चूक ०.२ टक्क्यांच्या आत आणावी लागेल, आणि ढोबळ सूत्राने त्यासाठी नमुना दहा लाखांचा लागतो. वाशी, नेरूळ, सीबीडी धरून त्या मतदारसंघात तेवढे मतदारच नाहीत. थोडक्यात, जवळजवळ प्रत्येक मतदाराला विचारल्याखेरीज हा निकाल आधी सांगता आला नसता, आणि तेव्हाही प्रत्येकाने खरे उत्तर द्यायला हवे होते. त्याच वर्षी लोकसभेला मुंबई उत्तर-पश्चिम मतदारसंघाचा निकाल ४८ मतांनी लागला. २००० साली फ्लोरिडात जवळजवळ साठ लाख मतांपैकी ५३७ मतांनी जॉर्ज डब्ल्यू. बुश पुढे ठरले आणि त्यावर अमेरिकेचे अध्यक्षपद ठरले. अशा निकालानंतर ‘मी आधीच सांगितले होते’ म्हणणाऱ्याला पद्धतीचे श्रेय देण्याचे कारण नाही.

नमुना मोठा केल्याने प्रश्न सुटतो असे मानणाऱ्यांसाठी १९३६ चे उदाहरण पुरेसे आहे. ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या, वीस लाखांहून अधिक परत आल्या, आणि त्यावरून आल्फ्रेड लँडन जिंकणार असे जाहीर केले. फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. पत्ते घेतले होते मोटार आणि टेलिफोन बाळगणाऱ्यांच्या याद्यांतून, आणि मतपत्रिका परत पाठवणारे लोक न पाठवणाऱ्यांपेक्षा वेगळे होते. यातील दुसरे कारण आजही पुरते जिवंत आहे.

माझ्या मते संपूर्ण विषयाचे मर्म याच जागी आहे, म्हणून येथे थोडे थांबतो. अमेरिकेतील प्यू रिसर्च सेंटर या संशोधन संस्थेच्या दूरध्वनी चाचण्यांत १९९७ मध्ये ३६ टक्के लोक उत्तर देत असत, २०१८ पर्यंत हे प्रमाण ६ टक्क्यांवर आले. म्हणजे शंभरातले चौऱ्याण्णव लोक बोलतच नाहीत आणि जे सहा बोलतात त्यांच्यावरून उरलेल्यांचा अंदाज करायचा असतो. छापलेली त्रुटी हे गृहीत धरते की बोलणारे व न बोलणारे सारखेच आहेत. ते तसे नसतात. घोडबंदर रस्त्यावरच्या मोठ्या गृहसंकुलांत चाचणीसाठी घरोघरी जाणाऱ्या आमच्या मुलामुलींना सुरक्षारक्षक फाटकावरूनच परत पाठवतात. किसननगरच्या चाळींत दार उघडे असते, पण दुपारी घरात भेटतात त्या गृहिणी आणि निवृत्त माणसे, कारण नोकरदार सकाळच्या लोकलने गेलेला असतो तो रात्री परततो. नवी मुंबईत गावठाणातले भूमिपुत्र मोकळेपणाने बोलतील की नाही, हे विचारणारा कोण आहे यावर अवलंबून राहते. अशा कच्च्या उत्तरांना वय, लिंग, शिक्षण, वस्तीचा प्रकार यांनुसार भार देऊन आम्ही समतोल साधतो. परंतु ज्या गुणामुळे माणूस बोलायला नकार देतो तोच गुण त्याच्या मताशीही निगडित असेल, आणि तो जनगणनेच्या कोणत्याही रकान्यात नसेल, तर भार देऊन उपयोग होत नाही. संस्थांवरचा अविश्वास हा असाच एक गुण आहे. २०२० मध्ये अमेरिकी चाचण्यांची चूक चाळीस वर्षांतील सर्वाधिक होती. तिचे समाधानकारक कारण शोधताना तेथील चाचणीकर्त्यांच्या व्यावसायिक संघटनेचा अभ्यासगट ज्या शंकेपाशी येऊन थांबला, ती साधारण हीच आहे.

२०१६ ची चूक तुलनेने सोपी होती. त्या वर्षी अनेक राज्यस्तरीय चाचण्यांनी शिक्षणानुसार भार दिलाच नव्हता. पदवीधर लोक चाचणीला जास्त उत्तर देतात हे जुने निरीक्षण आहे. पण पदवीधर व बिगर-पदवीधर गोऱ्या मतदारांची मते फारशी वेगळी नव्हती तोवर त्याने बिघडत नव्हते. ट्रम्प यांच्या उमेदवारीने ती दरी रुंदावली आणि जुनी सवय महागात पडली. शिवाय शेवटच्या आठवड्यात मन ठरवणारे कुंपणावरचे मतदार विस्कॉन्सिनसारख्या राज्यांत मोठ्या प्रमाणात ट्रम्प यांच्याकडे गेले.

भार देण्यात संस्थेचा स्वतःचा निर्णय किती मिसळलेला असतो, हे त्याच वर्षीच्या एका प्रयोगात स्वच्छ दिसले. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने फ्लोरिडातील ८६७ मतदारांची कच्ची उत्तरे चार वेगवेगळ्या नामांकित चाचणीकर्त्यांना दिली. उत्तरे तीच, माणसे तीच. तरी एकाचा निष्कर्ष क्लिंटन चार टक्क्यांनी पुढे असा आला आणि दुसऱ्याचा ट्रम्प एका टक्क्याने पुढे असा. कारण उत्तरांना भार कसा द्यायचा आणि कोण प्रत्यक्ष मतदानाला जाईल, हे प्रत्येकाने वेगळ्या रीतीने ठरवले होते. येथे नमुना-त्रुटीचा (सगळ्यांऐवजी काहींनाच विचारल्यामुळे येणाऱ्या चुकीचा) संबंधच नाही, कारण नमुना एकच होता. मी नव्या सहकाऱ्यांना हे उदाहरण पहिल्याच आठवड्यात सांगतो.

छापलेल्या त्रुटीपेक्षा खरी चूक साधारण दुप्पट असते, असे जुन्या हजारो चाचण्यांची निकालाशी तुलना केल्यावर आढळले आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ही जादा चूक एकाच दिशेने जाते. भाजीवाल्याचा काटाच शंभर ग्रॅमने चुकीचा असेल, तर दहा वेळा तोलून सरासरी काढल्याने वजन बरोबर येत नाही. शंभर चाचण्यांच्या सरासरीतून यादृच्छिक चूक जवळजवळ नाहीशी होते आणि सामाईक चूक जशीच्या तशी उरते. पेनसिल्व्हेनियात ज्या प्रकारचा मतदार चाचणीतून निसटतो, तोच मिशिगनमध्ये आणि विस्कॉन्सिनमध्येही निसटतो. म्हणून राज्यांच्या चुका एकमेकींपासून स्वतंत्र मानणे हा अंदाजातला सर्वांत घातक दोष आहे. २०१६ मध्ये काही प्रारूपांनी (चाचण्यांवरून जिंकण्याची शक्यता काढणाऱ्या गणिती मांडण्यांनी) क्लिंटन यांना ९८ टक्क्यांहून अधिक शक्यता दिली ती मुख्यतः या सामाईक चुकीला फार लहान धरल्यामुळे; अमेरिकी अंदाजकर्ते नेट सिल्व्हर यांच्या प्रारूपाने ती मोठी धरली आणि ट्रम्प यांना सुमारे २९ टक्के दिले. चाचण्या दोघांकडे त्याच होत्या.

आता तुमच्या वर्गातल्या वादाकडे परत येता येईल. समजा सातही राज्ये चाचण्यांत अगदी बरोबरीत आहेत. चुका स्वतंत्र मानल्या, तर सातही एकाच उमेदवाराकडे जाण्याची शक्यता चौसष्टात एक, म्हणजे दीड टक्क्याच्या आसपास येते. आता प्रत्येक राज्याच्या चुकीचे दोन भाग करा: सर्व राज्यांना सामाईक असा एक, आणि त्या राज्यापुरता दुसरा, दोन्ही सारख्या आकाराचे धरा. मग तीच शक्यता चारात एक, म्हणजे २५ टक्के होते. विजेता कोण याबाबत निम्मे-निम्मे आणि निकाल एकतर्फी लागण्याची शक्यता भरपूर, ही दोन विधाने एकाच वेळी खरी असू शकतात, आणि २०२४ मध्ये ती होती. सिल्व्हर यांच्या प्रारूपाच्या हजारो आवृत्त्यांत (संगणकावर पुन्हापुन्हा घडवलेल्या काल्पनिक निवडणुकांत) सर्वाधिक वेळा येणारे चित्र सातही राज्ये ट्रम्प यांच्याकडे जाण्याचेच होते. तेव्हा ‘निम्मे-निम्मे’ म्हणणाऱ्यांनी काहीच सांगितले नाही हा आक्षेप मला मान्य नाही. त्यांचे सांगणे वाचणाऱ्यांनी अर्धेच वाचले.

याच गणितावर विद्यार्थ्यांनी आपला अंदाज उभारावा. त्यासाठी संगणकावरची साधी स्प्रेडशीट पुरते. प्रत्येक स्विंग राज्याची अखेरच्या दोन-तीन आठवड्यांतील सर्व विश्वसनीय चाचण्यांची सरासरी घ्यावी, आणि आपल्याला पटणाऱ्या चाचण्या निवडण्याचा मोह पूर्ण टाळावा. मग अंतरातील सामाईक चुकीचे प्रमाण विचलन (चूक सर्वसाधारणपणे किती पसरते याचे माप) तीन टक्के आणि राज्यापुरत्या चुकीचे तीन टक्के धरावे. एकत्रित विचलन सुमारे सव्वाचार येते. इतिहासात दिसणाऱ्या चुकांशी हे बऱ्यापैकी जुळते. अशा हिशेबात अखेरच्या सरासरीत एका टक्क्याची आघाडी म्हणजे राज्य जिंकण्याची शक्यता सुमारे ५९ टक्के, दोनची ६८, चारची ८३ आणि आठची ९७. दहा हजार वेळा यादृच्छिक चुका टाकून प्रत्येक वेळी इलेक्टोरल मतांची बेरीज करावी आणि कोण किती वेळा २७० गाठतो ते मोजावे. विद्यार्थ्यांना यातून सर्वांत चटकन जाणवणारी गोष्ट अशी की आघाडी अर्ध्या टक्क्यावरून एक टक्क्यावर गेल्याची बातमी वाहिन्यांवर दिवसभर चालते, आणि शक्यता तेवढ्याने जेमतेम चार-पाच टक्क्यांनी हलते.

चाचण्यांची सरासरी घेताना एका रोगावर लक्ष ठेवावे लागते. अखेरच्या दिवसांत सगळ्या संस्थांचे आकडे संशयास्पदरीत्या एकसारखे दिसू लागतात. केवळ यादृच्छिकतेनेही हजार-हजारांच्या नमुन्यांत अंतर चार-पाच टक्के मागेपुढे व्हायला हवे. ते एका टक्क्यात घुटमळत असेल, तर कोणीतरी आपला वेगळा आकडा दाबून ठेवत आहे किंवा इतरांशी जुळेपर्यंत भार बदलत आहे. चारचौघांसोबत चुकले तर कोणी विचारत नाही, एकटे चुकले तर धंदा बसतो, हे आमच्या व्यवसायातले उघड गुपित आहे. याच्या उलट टोकाचे उदाहरण म्हणजे अमेरिकी चाचणीकर्त्या ॲन सेल्झर यांची २०२४ ची आयोवाची अखेरची चाचणी. तिने हॅरिस यांना तीन टक्क्यांनी पुढे दाखवले आणि ट्रम्प तेथे सुमारे तेरा टक्क्यांनी जिंकले. सेल्झर यांची पूर्वीची कीर्ती फार मोठी असल्यामुळे त्या एका चाचणीने अनेकांचे मत फिरले. तरीही जे मिळाले ते त्यांनी जसेच्या तसे प्रसिद्ध केले याबद्दल मला आदर वाटतो. सरासरी उपयोगी ठरायची तर तिच्यात असे आकडे यायलाच हवेत. वाचकाने मात्र एकट्या चाचणीवर घर बांधू नये.

चूक सलग तीन निवडणुकांत ट्रम्प यांच्या विरोधात गेली, मग पुढच्या वेळी रिपब्लिकन उमेदवाराला आधीच दोन-तीन टक्के वाढवून द्यावेत का, हा प्रश्न विद्यार्थी विचारतीलच. मी देणार नाही. २०१२ मध्ये चूक ओबामांच्या विरोधात होती. त्यावरून २०१६ साठी डेमोक्रॅटिक बाजूला वाढ देणारा चांगलाच तोंडघशी पडला असता. ट्रम्प स्वतः मतपत्रिकेवर नव्हते त्या २०२२ च्या मध्यावधी (अध्यक्षांच्या कार्यकाळाच्या मध्यात होणाऱ्या, संसदेच्या) निवडणुकीत चाचण्या बऱ्यापैकी अचूक होत्या. शिवाय प्रत्येक चुकीनंतर संस्था पद्धत बदलतात, त्यामुळे जुनी चूक पुढे ढकलणे म्हणजे कधीकधी तिची दुरुस्ती दोनदा करणे होते.

इतर मार्गांबद्दल थोडक्यात. अर्थव्यवस्था आणि विद्यमान अध्यक्षांची लोकप्रियता यांवर आधारलेली प्रारूपे निवडणुकीच्या सहा महिने आधी चाचण्यांपेक्षा उपयोगी असतात, अखेरच्या आठवड्यात त्यांचा भार कमी करावा. दुसऱ्या महायुद्धानंतर २०२४ पर्यंत अध्यक्षीय निवडणुका झाल्या फक्त वीस. एवढ्या तुटपुंज्या अनुभवावर इतिहासकार ॲलन लिक्टमन यांच्यासारख्या तेरा कसोट्या बसवल्या की मागचे जवळजवळ सगळे निकाल जुळतात, पुढच्याची हमी मिळत नाही. त्याच तेरा कसोट्यांनी २०२४ मध्ये हॅरिस यांच्या बाजूने कौल दिला होता. पैजेच्या बाजारांनी त्या वेळी ट्रम्प यांना साठ टक्क्यांच्या आसपास ठेवले आणि नंतर आपली पाठ थोपटून घेतली. पण साठ आणि पन्नास यांतला फरक एका निवडणुकीवरून सिद्ध होत नाही, आणि मोठ्या रकमा लावणारे मोजके लोक तिथला भाव हलवू शकतात. आपल्याकडे राजस्थानातील फलोदीच्या सट्टा बाजाराला जे वलय आहे त्यालाही हेच लागू पडते.

मतदार थोडे आणि नावानिशी माहीत असले तर अडचण संपेल, असे वाटत असल्यास आपल्याच देशातील १९६९ ची राष्ट्रपतिपदाची निवडणूक वर्गात अवश्य घ्यावी. मतदार केवळ खासदार व आमदार, पक्ष माहीत, प्रत्येकाच्या मताचे मूल्य ठरलेले. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी होते; इंदिरा गांधींनी सदसद्विवेकाला स्मरून मत देण्याचे आवाहन केले आणि पक्षाची मते फुटली. पहिल्या पसंतीत व्ही. व्ही. गिरी यांना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि आपल्या रोह्याचे चिंतामणराव देशमुख यांना १,१२,७६९ मूल्याची मते मिळाली. कोणालाच आवश्यक कोटा (एकूण मूल्याच्या निम्म्याहून अधिक) गाठता न आल्यामुळे दुसऱ्या पसंतीची मते मोजली गेली आणि गिरी ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ असे जिंकले. अंतर चौदा हजारांच्या घरातले, म्हणजे एकूण मूल्याच्या दोन टक्क्यांहूनही कमी. या निवडणुकीत नमुना-त्रुटी शून्य होती, कारण नमुनाच नव्हता. प्रत्येक मतदार नावानिशी ओळखीचा होता. अनिश्चितता उरली होती ती माणूस गुप्त मतदानात काय करेल याची, आणि ती कोणत्याही सूत्राने कमी झाली नसती.

अंदाजाला गुण कसे द्यावेत हेही आधीच ठरवावे लागेल. हवामानशास्त्रज्ञ ग्लेन ब्रायर यांनी १९५० मध्ये मांडलेली रीत सोपी आहे: दिलेली शक्यता आणि घडलेली गोष्ट (घडली तर एक, नाही तर शून्य) यांतील फरकाचा वर्ग करायचा, आकडा जितका लहान तितका अंदाज चांगला. निम्मे-निम्मे म्हणणाऱ्याला नेहमी ०.२५ मिळतात. २०१६ मध्ये ट्रम्प यांना २९ टक्के देणाऱ्याला सुमारे ०.५० मिळतात, आणि २ टक्के देणाऱ्याला ०.९६. विद्यार्थ्यांना येथे सांगायला हवे की पन्नास राज्ये म्हणजे पन्नास स्वतंत्र परीक्षा नव्हेत, कारण चूक सामाईक असते. म्हणून केवळ एका निवडणुकीवरून कोणाची पद्धत श्रेष्ठ ठरवता येणार नाही. त्यांना २०२८ आधी महाराष्ट्रातील पोटनिवडणुका, महापालिका, इतर राज्यांच्या विधानसभा अशा अनेक निवडणुकांवर शक्यता लिहून ठेवू द्यावी आणि एकत्रित गुण मोजावेत. मतदान चालू असताना मतदानोत्तर चाचण्या प्रसिद्ध करण्यावर आपल्याकडे लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६-अ नुसार बंदी आहे. वर्गातला उपक्रम समाजमाध्यमांवर टाकण्यापूर्वी एवढे ध्यानात असू द्यावे.

मोजणीच्या दिवसाची तयारी वेगळी. अमेरिकेत नोव्हेंबरमध्ये मतदान संपते तेव्हा आपल्याकडे बुधवारची सकाळ असते: जॉर्जियात साडेपाच वाजता, पेनसिल्व्हेनियात साडेसहा वाजता. पहिल्या दोन तासांत पडद्यावर दिसणारी आघाडी जवळजवळ निरर्थक असते, कारण कोणती मते आधी मोजायची याचे नियम प्रत्येक राज्यात निराळे आहेत. २०२० मध्ये पेनसिल्व्हेनियात टपाली मते मतदानाच्या दिवसापूर्वी उघडण्यास परवानगी नव्हती. ती मोजली जाईपर्यंत ट्रम्प मोठ्या आघाडीवर दिसत होते आणि बायडेन यांचा विजय वृत्तसंस्थांनी शनिवारी जाहीर केला. २०२४ मध्ये असोसिएटेड प्रेसने ट्रम्प यांचा विजय आपल्या वेळेनुसार बुधवारी दुपारी चारच्या सुमारास जाहीर केला. २००० साली वाहिन्यांनी फ्लोरिडा आधी अल गोर यांना दिले, मागे घेतले, मग बुश यांना दिले आणि पहाटे तेही मागे घेतले. म्हणून विद्यार्थ्यांनी राज्याची एकूण बेरीज पाहण्यापेक्षा जी काउंटी (राज्यातला जिल्ह्यासारखा विभाग) पूर्ण मोजून झाली आहे तिची चार वर्षांपूर्वीच्या त्याच काउंटीशी तुलना करावी. अशा वीस-पंचवीस काउंट्यांत कल एकाच दिशेने दोन टक्क्यांनी सरकलेला दिसला, तर सामाईक चूक कोणत्या बाजूची आहे हे इतर राज्यांचे आकडे येण्यापूर्वीच कळते, आणि स्प्रेडशीटमधल्या उरलेल्या राज्यांचे आकडे त्या बाजूला सरकवून पुन्हा दहा हजार आवृत्त्या चालवता येतात.